शून्य

एक तारखेला लावलेली टाकी
एकवीसलाच फुसफुसली.
शाळा असताना दीड महिना जाते.
तेव्हा भुकेला घंटा असते;
मे महिन्यात ती कधीही येते, चप्पल न काढता.

जयसिंगपूरहून नणंदेची दोघं आलीत,
घरची दोघं धरून चार.
सकाळी भरलेल्या भडंगाच्या डब्यात
चारला तळाशी नुसता लसूण.
पोहण्याच्या क्लासची फी विचारून आले
आणि म्हटलं, कृष्णामाई काय पावती फाडते?
हे नेतात पहाटे घाटावर,
पोरांच्या पाठीला रिकामा डबा बांधून.

निघताना त्या दोघांना कपडे करायचेत.
रिक्षावाले काका मेचेही अर्धे मागतात,
न नेलेल्या पोरांचे.

काल विश्रामबागेत गोळ्याची गाडी थांबली.
तिघं धावली. सन्मती नाही.
"दाढ ठणकतीय," म्हणाली,
आणि नखानं कठड्याचा रंग खरवडत बसली.

रात्री हिशेबाची वही उघडली
तर माझ्या आकड्यांखाली तिचं गोल अक्षर:
गोळा, सन्मती – ०

पेन चालेना. दोनदा झटकलं.
मग त्या शून्याच्या डाव्या अंगाला
दोन लिहिला, ठसठशीत,
आणि बेरीज पुन्हा केली.
जुळली नाही.
राहू दे.