कंसातले हार्कर

हॅलिफॅक्सच्या टाउन हॉलखाली, हीटरला टेकून,
एका पेटीत चार अमोस हार्कर.
एकाने पावाचा भाव वाढवला आणि दगड खाल्ले.
एक ओहायोत अकरा मतांनी पडला.
एक टास्मानियात मंत्री, सतरा दिवस.
चौथ्याचं नुसतं नाव, जुन्या मतपत्रिकेवर.

माझं काम: कंसात जन्म-मृत्यूची सालं घालून
त्यांना एकमेकांपासून सोडवणं.
आमच्याकडे मधे बापाचं नाव असतं, म्हणून निभतं.
तरी बार्शीत मामांसमोर
दुसरे गणपत नलावडे उभे केलेच होते,
मतं खायला.
त्याने खाल्ली तीनशे दहा,
मामा दोनशेनी पडले.
इथे असं कुणी केलं नाही.
काळानेच एकामागे एक अर्ज भरले.

आज फायलींमधून चिठ्ठी निसटली:
‘अमोस, थंडीआधी ये. गाय आटलीय.’
तारीख नाही. खाली नुसतं, आई.

चारही फायली उघडून बसले.
टास्मानियात थंडी जूनमध्ये पडते,
हे तिला कुणी सांगितलं असेल का?

पाचला जेनिस दिवे मालवायला आली.
मी कोरं पाकीट घेतलं,
वर लिहिलं, अमोस हार्कर,
कंस उघडला,
आणि कोट शोधू लागले.