अठराचा आकडा

दोन्ही सायकलींवर अठराच लिहिलेलं.
एक निळी, एक राखाडी,
शहापुरात लुमाण्णाच्या दुकानात भिंतीला टेकून
दोन जावांसारख्या, तोंडं फिरवून.

निळीवरून मी महिनाभर उद्यमबागेत गेले.
मान अशी आखडायची
की दिवसभर ड्रॉइंगवर वाकणं
त्यापुढे विश्रांती वाटावं.
"साइज बरोबर हाय की," मी म्हटलं,
"अठरा सांगितलं, अठराच घेतलं."

लुमाण्णा हसला नाही. पाना खाली ठेवला.
"अठरा कुठनं कुठवर?"

हेच तर मी रोज विचारते कारखान्यात.
माप दिलंय, पण कुठल्या कडेपासून?
पंपाच्या झाकणासाठी भांडते
आणि स्वतःच्या अंगासाठी विचारायचं विसरले.

निळीचं अठरा पेडलच्या कण्यापासून
सीटच्या नळीच्या टोकापर्यंत.
राखाडीचं तिथूनच निघतं
पण आडव्या नळीच्या मध्यावर थांबतं.
"मैलाचा दगड बघ. कोण पोस्टापासनं मोजतो,
कोण वेशीपासनं. आकडा येगळा, गाव तेच.
हितं उलटं झालंय. आकडा तोच, गाव येगळं."

मग चपला काढायला लावल्या, भिंतीशी उभं केलं.
नातवाचं कन्नड सातवीचं पुस्तक हातात दिलं,
दोन पायांत धर म्हणाला, कणा वर करून,
आणि चहा सांगायला निघून गेला.
भरमव्वा टेप घेऊन खाली बसली.
"स्वल्प वर. हां. साकु."
पेन्सिलीची रेघ.
तिथं आधीच्या कितीतरी रेघा होत्या,
काहींपुढे कन्नड अंक, काहींपुढे आपले.
उंची कुणाचीच नाही. नुसते पाय.

"पाय एकोणतीस इंच. धड आखूड. हात त्याहून."
इतकं नेमकं मला
पाहायला आलेल्यांनीसुद्धा सांगितलं नव्हतं.

त्यानं सुतळीला नट बांधून ओळंबा सोडला.
कण्याच्या उभ्या रेषेपासून हँडलच्या नळीपर्यंत
निळी एकेचाळीस सेंटीमीटर, राखाडी अडतीस.
तीन सेंटीमीटर, म्हणजे माझी दोन बोटं.
महिनाभर मी त्या दोन बोटांमागे वाकून धावत होते.
पुढची नळी निळीची त्र्याहत्तर अंशात,
नजर हलली की चाक हलतं.
राखाडीची एकाहत्तर, जरा मागे रेललेली,
विचार करून वळणारी.
दोन अंश चुकले तर आमच्याकडे
अख्खा लॉट परत येतो.

"निळीची सीटच पुढं सरकवू या का?"
"सरकव. मग गुडघा बोंबलंल.
सीट पायासाठी असतीया, हातासाठी नव्हं."

छताला एक काळी फ्रेम टांगलेली, चोवीस इंची.
थोरल्या भावाची. बेळगुंदीहून दूध आणायचा.
दोन चाकांत एवढं अंतर
की खड्ड्यातसुद्धा कॅनमधली साय मोडायची नाही.
विकत का नाही, मी विचारलं.
"गिऱ्हाइकं येत्यात," लुमाण्णा म्हणाला.
"पाय येत नाहीत."

निळी परत घेताना त्यानं नऊशे कापले.
घासाघीस केली, तो बधला नाही.

राखाडीवरून निघाले. दुसऱ्या गेटला फाटक पडलेलं,
मालगाडी संपता संपेना.
कोपरं आपोआप थोडी वाकलेली,
डावीकडची शीर सवयीनं दुखायची वाट बघत होती.
गाडी गेली. फाटकाचा दांडा उठू लागला,
तीस, पंचेचाळीस, साठ,
मी मनात मोजत राहिले,
आणि एकाहत्तरला
मागचा टेंपोवाला हॉर्न वाजवू लागला.