लाल फुलीचा रकाना

वकीलबाई तिकडून म्हणाल्या,
नातं खरं होतं याचे पुरावे जोडा.
फोटो दहा. वेगवेगळ्या ऋतूंतले. सोबत चार माणसं दिसली पाहिजेत.

समडोळीच्या सोप्यात मी लॅपटॉप उघडून बसते.
फोटो साडेचारशे.
मी, प्रांजल, गायी,
गायींमागे न्यूझीलंडचा तो हिरवा, न संपणारा उतार.
सुकुमार कुठंच नाही.
फोटो तोच काढायचा.
सात फोटोंत कोपऱ्यात त्याचा अंगठा आलाय,
धूसर, नखाशी चिरलेला.
अंगठा चालतो का, विचारणार होते.
नाही विचारलं.

सांगलीला चार खेपा झाल्या.
दोघांचं खातं होतं, त्याचा उतारा हवा.
बँकेतला क्लार्क भला माणूस.
मृत्यूचा दाखला बघून हळहळला,
माझं काम अडू नये म्हणून
उभ्या उभ्या त्याचं नाव कमी करून दिलं.

शाळेच्या दाखल्यावर त्रिशला भूपाल पाटील,
पासपोर्टवर त्रिशला सुकुमार मगदूम,
या दोघी एकच, असं स्टॅम्पवर लिहून दिलं
विजयनगरला, कोर्टासमोरच्या टपरीत.
एकच ना, टायपिस्टनं दोनदा विचारलं.

भाषांतर कुंभोजकर सर करतात,
निवृत्त, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.
‘स्व.’च्या जागी त्यांनी ‘लेट’ लिहिलं.
म्हटलं, सर, धारा काढायला साडेतीनला उठणारा माणूस तो,
जन्मात कुठं लेट झाला नाही.
सरांनी चष्मा पुसला.
लेट तसंच राहिलं.

उन्हाळ्यात तिथं नऊला सूर्य मावळतो.
आईंना फोनवर चिडवायचा,
मी नऊला जेवतो, तरी नेम मोडत नाही.
थंडीत मात्र पाचलाच अंधार,
मग डबा गोठ्यावरच, गमबूट न काढता, उभ्यानं.
मी घरातून फोन करायची :
जेवलास? सूर्य आहे का अजून?
हे कुठल्या फाईलला जोडायचं.

घरच्या माणसाचं निवेदन लागतं.
सर लिहायला बसले, आई शेंगा फोडत.
“काय लिवायचं? भांडायची की दोघं.
मिठावरनं, पैशावरनं, माझ्यावरनं.
जोडा चांगला हुता.”
सरांचं पेन थांबलं. भांडण गाळू या?
“गाळू नगासा. मग ऱ्हातंय काय?”

त्याचा दुसरा जोडा दाराशी आहे.
मालकानं धुऊन पेटीतनं पाठवला,
तरी टाचेच्या खाचेत तिकडचा चिखल.
आईंनी तो कोरून काढला नाही.
मीही नाही.

अर्ज मंजूर झाला तर आम्ही दोघी जाणार,
प्रांजल आणि मी.
आई त्याबद्दल बोलत नाहीत.
फक्त या एप्रिलात, पंखा गरम वारा फेकत असताना,
त्यांनी लोकरीचा स्वेटर विणायला घेतलाय.
माप प्रांजलचं, पण दोन वर्षं पुढचं.

शेवटचं पान.
नातं सुरू झाल्याची तारीख. भरली.
नातं संपल्याची तारीख, पुढे लाल फुली.
रिकामं ठेवलं तर पुढचं पान उघडत नाही.

तिकडं पहाटेचे चार होते, अकरा तारीख.
दाखल्यावर तीच आहे.
समडोळीत तेव्हा दहाचीच रात्र,
आई टीव्हीवर बातम्या बघत होत्या.
त्या अजून दहाच धरतात.
मी अकरा म्हटलं की म्हणतात,
तुझी अकरा, माझी दहा, ऱ्हाऊ दे.

बोट कळांवर ठेवून मी बसून आहे.
एक दाबलं. पुन्हा एक दाबायचं
की शून्य.
पडद्याचा उजेड आपोआप कमी होतो,
मी हात लावते, पुन्हा येतो.

“त्रिशला, ऊन उतरलं,” आतून आई,
“भाकरी गार व्हायच्या आत ऊठ.”
तिकडं आता मध्यरात्र उलटली असेल,
तारीख बदललीसुद्धा.
इथं अजून थोडा सूर्य आहे, उसाच्या वर.
मी उठते, हात धुते,
रकाना तसाच उघडा ठेवून.