सोळापैकी आठ

ओल्डरॉइडनी चारशे पौंडांची वायर घेतली
त्या दिवशी मी त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या पोचवायला गेले होते.
हडर्सफील्डच्या चढावर, धुरानं काळवंडलेल्या दगडी घरांच्या ओळीत
शेवटून दुसरं दार.
वायर मनगटाएवढी, जांभळ्या विणीची,
आणि गालिच्याला टेकू नये म्हणून
खाली चिनीमातीचे ठोकळे, हातहातभर अंतरावर.
"जमीन आवाज पिते," ते म्हणाले.
मी म्हटलं, इथे सही करा.

औषध नसलेलं औषध मला चांगलं माहीत आहे.
दोन वर्षं लीड्सच्या इस्पितळात
एकसारख्या पांढऱ्या बाटल्यांवर आकडे चिकटवले.
कुठलीत काय, ते ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला, ना मला.
नुसत्या पिठीनं कुणाची पाठ दुखायची राहिली,
कुणाला पिठीनंच मळमळलं,
आणि ते मळमळणं खरं होतं, बादली मी बघितली.

त्याच्याही आधी कऱ्हाडला बाबा कंपाउंडर.
बाटलीला कात्रीनं दातेरी कापलेली कागदाची पट्टी,
आत लाल औषध.
एका आठवड्यात रंग संपला.
तेच मिश्रण पांढरं नेलेली माणसं
तिसऱ्या दिवशी परत दारात: गुण नाही हो.

तर मीच म्हटलं, चादर लावू.
रविवारी. ओल्डरॉइड लगेच तयार.
चाळीस वर्षं गिरणीत लोकर निवडलेला माणूस,
चिमटीत धागा धरून डोळे मिटून सांगायचा
मेंढी डोंगरावरची की ओढ्याकाठची.
आणि ते बरोबर असायचं, त्याचे पैसे मिळायचे.
मग कान का चुकतील?

मी चादरीमागे गुडघ्यांवर.
एका हाताला जांभळी,
दुसऱ्या हाताला त्यांच्याच शेडमधली
गवत कापायच्या यंत्राची नारिंगी केबल.
नाणं सांगेल ती जोडायची.
सोळा वेळा तोच चेलो, तीच दोन मिनिटं.
सातव्या वेळी नाणं पुन्हा नारिंगी पडलं,
मी तीच काढली, तीच परत खुपसली.

"आता!" पलीकडून ते ओरडले.
"आता चेलो भिंतीपासून सुटला."

आणि मला ऐकू आलं.
गज फिरायच्या आधीचा वाजवणाऱ्याचा श्वास,
तारेवर केसांची किंचित खरखर,
चेलोच्या मागे जवळजवळ एक खोली.
मला. जिच्या मुठीत ती नारिंगी केबल होती,
टोकाला अजून वाळकं गवत चिकटलेलं.
मी खाली बघितलं. नारिंगीच.
वर ऐकलं. सुटलेलाच.

शेवटी चादर काढली, हा सूर्य हा जयद्रथ.
सोळापैकी आठ.
नाण्यालाच विचारलं असतं तर तेवढंच म्हणालं असतं.
मी माझ्या श्वासाचं काही बोलले नाही.
कागदावर त्याला रकाना नव्हता.

ओल्डरॉइडनी कागद चष्म्याजवळ नेला,
बेरीज दोनदा केली,
चहा ठेवायला उठले आणि केटलमध्ये पाणीच घालायचे विसरले.
"वायर परत घेतात," मी म्हटलं, "तीस दिवसांत."
"हं."
मग त्यांनी कागदाची घडी घातली,
घडीची घडी घातली,
आणि डावा स्पीकर एका पायावर जरासा डुगडुगायचा
त्याच्याखाली सारली.
रेकॉर्डवर सुई ठेवली.

दोघंही उभे.
नारिंगी जोडलेली की जांभळी, मी पाहिलं नाही,
त्यांनीही विचारलं नाही.

"खर्ज घट्ट झाला," ते म्हणाले.

झाला होता.