दुसरी कॅन

आधी अक्षर गेलं.
खेमराजचा 'क्ष' दोन रेघांत मावेना.
चापले सरांनी लाल शाईत लिहिलं : सराव करावा.
आम्ही केला. पाटीवर, वाळूवर,
मायनं परातीत पीठ पसरून दिलं.

त्याच्या दोन वर्षं आधीची कावीळ
सानगडीच्या बाईनं मुळ्यांच्या माळेनं उतरवली होती.
माळ बेंबीपर्यंत लांबली, सगळे खूश.
ती आणि ही एकाच वहीची पानं,
हे कोणाच्या ध्यानात यावं?

मग लाळ. मग घास तोंडाऐवजी गालावर.
बसस्टँडवर कोणी म्हणालं,
"काहून जी, पोरगा आत्तापासूनच घेते का?"
बाबा त्याच्याशी भांडले,
आणि घरी येऊन खेमराजच्या तोंडाचा वास घेतला.

नागपूरच्या मेडिकलात डोळ्यांच्या मॅडमनी
त्याची हनुवटी मशीनवर टेकवली,
फटीएवढा उजेड सोडला, मला म्हणाल्या, ये, बघ.
बुबुळाच्या काठानं कडं,
न घासलेल्या गुंडीच्या गळ्याला असतं तसं.
तांबं. आधी यकृतात साचतं,
तिथं मावेनासं झालं की डोक्यात.

"आपण कुठवर आलो?" बाबांनी विचारलं,
जणू साकोली गेली का ते हवं होतं.
"यकृत मागं पडलं," मोठे डॉक्टर म्हणाले.
"परतता येईल. बरंचसं. हळूहळू."

मायनं आंदणातली गुंडी माळ्यावर टाकली.
गुंडीचा दोष नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं होतं.
तांबं तिळात, सात्यांत, झिंग्यांत, सगळ्यांच्याच ताटात;
याच्या अंगाला ते बाहेर काढायचं दार नाही.
एक फळी बाबांकडून आली, एक मायकडून.
त्या रात्री दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

गोळ्या उपाशीपोटी. शिवाय झिंक,
आपण धानाच्या बांधीत टाकतो तेच नाव.

"भावंडं?"
मी एकटीच. एकोणीस. मला काही होत नाही.
"काही होत नाही तेव्हाच तपासायचं असतं."

म्हणून ही दुसरी कॅन.
सकाळची पहिली सोडून चोवीस तासांची लघवी,
ओल्या पोत्यात गुंडाळून
उद्या सहा दहाच्या गाडीनं मांडीवर न्यायची.
कोणी विचारलं तर ताक.

लेबल मीच लिहितो, खेमराज म्हणाला.
'दी' झाला. मग बराच वेळ थांबला,
डाव्या हातानं उजवं मनगट धरलं.
'क्षा'चा काना लेबल सोडून
कॅनवर उतरला.