थेट गाडीचा आलेख

कागद टेबलापेक्षा लांब.
आडवे तास, उभी स्टेशनं,
आणि गाडी म्हणजे एक तिरकी रेघ,
जितकी उभी तितकी घाईची.
मालगाड्या मी पिवळ्या पेन्सिलीनं काढतो.
कोळशाच्या, तांदळाच्या.
त्याच सगळ्यात जास्त खोडाव्या लागतात.

काम असं होतं:
झाडीतल्या फाट्यावरून सुटलेली गाडी
कोसंबी जंक्शनला मेन लाइनवर घ्यायची,
शहरात शिरल्यावर एका मार्गावरून दुसऱ्यावर,
दुसऱ्यावरून तिसऱ्यावर,
थेट मोठ्या दवाखान्याच्या फलाटापर्यंत.
येतानाही तशीच.
कुणी उतरायचं नाही, कुणी गाडी बदलायची नाही.
आज कोसंबीला माणसाचे दोन तास चाळीस मिनिटं जातात.
अहवालात त्याला एक शब्द आहे: वाया.

फाट्यावरचे फलाट पाच डब्यांचे,
शहराला हवेत बारा.
शहरात तीन मिनिटांची फट चुकली
तर गाडी बाहेरच्या सिग्नलपाशी उभी,
पंगत उठल्यावर पोचलेल्या जावयासारखी.
आणि इकडं एखादी म्हैस रुळांत बसली
की तिचा उशीर शहरभर लागणार,
एका घरातून दुसऱ्या घरात सर्दी लागते तसा.
खोडून खोडून कागदाला एका जागी भोक पडलं.
तिथं मी मागून पट्टी चिकटवली.
ते स्टेशन आजही जरा जाड आहे.

माघातल्या एका रात्री जुळलं.
कोसंबीला क्रॉसिंग, फक्त दोन मिनिटांचं.
मी एकट्यानंच डबा उघडून
गार पोळी खाल्ली.

मग लूप लाइन मोजायला कोसंबीला गेलो.
टेपचं एक टोक माझ्याकडं,
दुसरं ट्रॅकमन गोमाजी वाघाड्यांकडं.
मधोमध, हापशीजवळ, दोघी बसलेल्या.
एकीच्या टोपलीत शिंगाडे,
दुसरीच्या टोपलीत सुकवलेले झिंगे.
शिंगाडेवाली झिंगेवालीच्या डोक्यात तेल घालत होती
आणि भांडतही होती, कसल्याशा तोरड्यांवरून.

टेप त्यांच्या अंगावरून न्यावा लागला असता.
गोमाजी म्हणाले, थांबू थोडं.
सख्ख्या बहिणी. सुरतन अन् फुलवंता.
एक फाट्याच्या टोकाला दिलेली,
दुसरी शहराच्या कडेला.
दर बुधवारी एकीची गाडी नऊ पाचला येते, दुसरीची नऊ वीसला.
पुढच्या दोन्ही गाड्या पावणेबाराला.

मी थेट गाडीचं सांगितलं.
उतरायचं नाही, टोपली वाहायची नाही,
उन्हात बसायचं नाही.
फुलवंता खूश झाली.
"बरं झालं जी, गावं लवकर फिरून होतीन."
सुरतननं तेलाच्या बाटलीला बूच लावलं.
"मंग तू मले खिडकीतून दिससील," म्हणाली.
तिला, मला नाही.

लूप लाइन तीनशे बारा मीटर भरली.

परत आल्यावर मी दोनाचे अकरा केले.
वाचायला सोपं आहे.
त्यासाठी कोळशाची एक गाडी रात्रीवर गेली,
शहरातली फट हुकली, पुढली धरावी लागली,
दवाखाना एकोणीस मिनिटं लांब गेला.
त्या एकोणीस मिनिटांत
कुणाची तरी पोटदुखी डब्यात बसलेली असेल.
हे मला माहीत आहे.
तो आकडा मी पुसला, लिहिला, पुसला, लिहिला.

कारणाच्या रकान्यात घातलं: क्रॉसिंग.
साहेबांनी सही केली.
खोटं काही लिहिलेलं नव्हतं.

गोमाजींकडून निरोप धाडला,
की अकरा मिनिटं ठेवलीत.
उत्तर पुढच्या बुधवारनंतर आलं,
सोबत वर्तमानपत्रात बांधलेले पावशेर शिंगाडे:

"अकरा मिन्टात तं
डोक्यावरचं टोपलंच खाली येते, बाबू."