चपखल

तार बसली, टक्क आवाज झाला,
ओतारला तेवढंच पुरलं.

जुना पॉवर सप्लाय घरघरायला लागला होता.
पुतण्याने लाइपझिगहून नवा पाठवला,
जड, काळा, सोबत पिशवीभर नव्या तारा.
पण जुन्या तारा आधीच ओवलेल्या होत्या
डब्याच्या पाठीमागून, कोपऱ्याकोपऱ्याने,
नातेलाने चष्मा लावून
शिवणाच्या दोऱ्याने जागोजागी बांधलेल्या.
त्या कशाला उसवायच्या?

डिस्कच्या बाजूचं टोक जगभर सारखं,
तिथे कायदा आहे.
सप्लायच्या बाजूला ज्याचा त्याचा कारखाना.
एकाने जिथे पाच व्होल्ट सोडले
तिथे दुसऱ्याने बारा सोडले,
खोबण तेवढी दोघांनी एकसारखी ठेवली.
हे सांगितलं तेव्हा त्याने मला विचारलं,
"मग बसू तरी का दिलं, गोचा?"
याला कुताइसीत उत्तर नाही.
लाइपझिगमध्येही नसावं.

ओतार रिओनीची पातळी मोजायचा.
नोकरी सुटली, मोजणं सुटलं नाही.
रोज सकाळी सहाला पुलाखालच्या रंगवलेल्या पट्टीवर
पाणी कुठवर, गढूळ की निवळ,
वर डोंगरात बर्फ सुटलंय का.
एकोणतीस वर्षं.
वह्यांना बुरशी धरली म्हणून नातेलाने सगळं टंकून काढलं,
आणि ज्या हिवाळ्यात गॅस नव्हता
त्या हिवाळ्यात वह्या शेगडीत गेल्या.
एका डिस्कवर नदी,
दुसरीवर त्याच नदीची नक्कल.
सावध माणसं.
फक्त दोन्ही डिस्का एकाच तारेवर होत्या,
एकीखाली एक.

बटण दाबलं.
धूर नाही, ठिणगी नाही,
नाकाला झोंबेल न झोंबेल असा वास,
आणि पडद्यावर एक पांढरी ओळ:
डिस्क सापडत नाही.

डब्याला कोटात गुंडाळून तो माझ्या तळघरात उतरला,
स्वतः भिजलेला.
मी मीटरचं काळं टोक शून्यावर धरलं,
लाल टोक एकेका पिनेवरून नेलं.
पाच हवे तिथे अकरा पूर्णांक नऊ.
मी तोंड उघडायच्या आत
आकडे वाचणारा तो माणूस म्हणाला,
"धोक्याच्या रेषेच्या वर."

डिस्कच्या हिरव्या पाटीवर, विजेच्या दारातच,
तांदळाच्या दाण्याएवढा एक डायोड बसवलेला असतो.
दाब चढला की तो आधी मरतो,
मरताना वाट अडवतो.
एका डिस्कमधला मेला होता.
चिमट्याने मोडून काढला,
सप्लायची स्वतःची नवी तार पिशवीतून काढून लावली,
आणि ती फिरली.
दुसरीतला अजून शाबूत, चकचकीत,
त्याच्यामागचं सगळं जळून गेलेलं.
राखणदारांचंही असं असतं.

फिरली ती नक्कल होती.
नक्कल मार्चपर्यंतची.
मार्चनंतर नक्कल काढायला घरात कोणी नव्हतं.
सात महिने रिओनी वाहिली
याचा आता कुठे आकडा नाही.
ओतार त्याबद्दल काही बोलला नाही,
पावसाकडे बघून एवढंच म्हणाला,
"आज दोन मीटर दहाच्या आसपास असेल."

मग कात्री नको म्हणाला.
जुन्या तारांवरच्या गाठी नखाने सोडवत बसला,
माझा चहा दोनदा गार झाला.
दोरा सरळ केला, ओठांत धरला,
आणि नव्या तारा त्याच दोऱ्याने
बांधायला लागला, जरा वाकड्या.

जुनी तार माझ्याकडेच राहिली.
तिच्यावर पिवळी चिकटपट्टी लावून मी लिहिलंय:
सगळीकडे बसते.
लावू नये.